अडगळीच्या खोलीची बाळाची खोली: कमी खर्चात, टप्प्याटप्प्यानं

बाळासाठी खोली करायची ठरली की आधी यादी होते आणि यादी झाली की खरेदी सुरू होते. यादीला हात घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: पहिले सहा महिने बाळ रात्री त्या खोलीत झोपणारच नाहीये. ते तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाशेजारी, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपणार आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 साली सूचना नव्यानं काढल्या, त्यातही किमान सहा महिने असंच सांगितलंय, कारण झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका त्यानं कमी होतो.

हे एकदा समजलं की पैशांचं सगळं गणित बदलतं. बाळ घरी येईल त्या दिवशी नव्या खोलीकडून तुम्हाला एवढंच हवं असतं: कोरड्या भिंती, बाळाचे लंगोट-कपडे बदलायला जागा, दूध पाजायला बसता येईल अशी खुर्ची आणि कपडे ठेवायला कप्पे. बाकी सगळ्याला सहा महिने अवकाश आहे. आम्हाला हे उशिरा कळलं. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात घाईघाईनं आणलेल्या मोठ्या पलंगावर पुढे कितीतरी दिवस धुतलेल्या कपड्यांच्या घड्या पडून होत्या, आणि त्याच काळात आम्हाला पैशांची दुसरीकडे खरोखर गरज होती. म्हणून खाली सगळं ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं लिहिलंय. क्रम पाळलात तर हात आखडता घ्यावा लागणार नाही.

पहिली पायरी: खोली पूर्ण रिकामी करा

अर्धी खोली रिकामी करून उरलेलं सामान कोपऱ्यात ढकलायचा मोह होतो. तसं करू नका. जुन्या पेट्या, बंद पडलेला पंखा, कुणीतरी परत नेणार म्हणून ठेवलेल्या खुर्च्या, सगळं बाहेर काढा. कपाटामागची भिंत आणि गादीखालची फरशी दिसल्याशिवाय या खोलीला काय झालंय ते कळत नाही.

रिकाम्या खोलीत सकाळी, दुपारी आणि रात्री दहा-दहा मिनिटं दार लावून बसा. ऊन कुठल्या भिंतीवर येतं, कुठला नळ किंवा पंप वाजतो, दार उघडताना कुरकुरतं का, हे कागदावर टिपून ठेवा. मग मास्किंग टेप घ्या आणि फरशीवर पलंग, कपाट, खुर्ची खऱ्या मापात आखा. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढल्यावर किती जागा खातो तेही आखा. आता दिवा बंद करून, कडेवर उशी घेऊन दारापासून खुर्चीपर्यंत चालून पाहा. कुठं पाय अडतो ते लगेच कळेल. एका टेपच्या गुंडाळीत हे सगळं होतं आणि न मावणारं कपाट विकत घेण्याची चूक टळते.

दुसरी पायरी: ओल शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, असं मी मनापासून सांगेन. बंद राहिलेल्या खोलीत ओल असण्याची शक्यता जास्त, आणि ओलीवर येणारी बुरशी लहानग्या फुफ्फुसांना त्रास देते. कोपऱ्यात काळसर ठिपके, फुगलेला रंग, सुटलेले पोपडे, भिंतीच्या तळाशी मिठासारखी पांढरी पूड, दार उघडताच येणारा कोंदट वास, या सगळ्या तिच्या खुणा.

ओल कुठून येते हे घरच्या घरी तपासता येतं. साधारण एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा संशयित जागी भिंतीवर सपाट लावा आणि चारही कडा चिकटपट्टीनं नीट बंद करा. दोन दिवस हात लावू नका. मग बघा: पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमतेय. आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीवर आतल्या बाजूनं इतके बारीक थेंब होते की बोट टेकवल्यावर त्यांची धार होऊन खाली ओघळली. मागच्या बाजूला बाथरूमचा पाइप होता. त्याचा एक सांधा पाझरत होता.

पाणी भिंतीतून येत असेल तर आधी कारण काढा: पाइप, बाहेरची चीर, गच्चीचा उतार, तुंबलेली पन्हळ. त्यावर नुसता रंग मारला तर काही महिन्यांत तोही फुगून पडतो आणि पैसे दोनदा जातात. दमट हवा जमत असेल तर खिडकी रोज काही वेळ उघडी ठेवणं, ओले कपडे त्या खोलीत वाळत न घालणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवणं, एवढ्यानंच बराच फरक पडतो. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्या. त्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

तिसरी पायरी: जुना रंग, नवा रंग

घर जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तेवढ्याच शिशातून लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसं शोषून घेतं. धोका मुख्यतः धुळीचा असतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, हीट गननं जाळून खरवडू नका. रंग घट्ट बसलेला असेल तर त्यावर नवा रंग देऊन तो आत बंद करणं चालतं. पोपडे सुटत असतील तर आधी शिशाची तपासणी करून घ्या आणि काढण्याचं काम त्यातल्या जाणकाराला द्या. या खर्चात काटकसर नको. हे काम चाललेलं असताना गरोदर बाईनं त्या घरात थांबू नये.

नवा रंग घेताना डब्यावर दोन गोष्टी पाहा: पाण्यात मिसळणारा आणि कमी व्हीओसीचा (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) आहे का, आणि शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत आहे का. रंग बाळ यायच्या निदान दोन महिने आधी होऊ द्या आणि नंतर खिडक्या उघड्या ठेवा. रंगाचा वास जाईपर्यंत बाळाला तिथं न्यायचं नाही.

किती रंग लागेल ते दुकानदारावर सोडू नका. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, नऊ फूट उंच खोलीच्या चार भिंती 360 चौरस फूट भरतात. दार-खिडकीचे 40 वजा केले की 320, म्हणजे जवळजवळ 30 चौरस मीटर. रंगाचे दोन हात द्यायचे तर 60. एक लिटर साधारण 10 चौरस मीटरला पुरतो असं धरलं तर सहा लिटर. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, त्यानं भागून घ्या. छत चांगलं असेल तर त्याला हात लावू नका.

कुठला रंग? सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे कुशीत घेतल्यावर तुमच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर. भिंतीवरचे ससे आणि ढग त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा अर्ध्या रात्री तुमच्या डोळ्यांना निवांत वाटेल असा रंग घ्या, आणि जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत पुसता येणारा घ्या. तिथंच उद्या खडू फिरणार आहेत. उरलेला रंग छोट्या डब्यात भरा आणि शेडचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

चौथी पायरी: बदलण्याची आणि पाजण्याची जागा

नवजात बाळाला दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पाजावं लागतं, आणि लंगोट किंवा डायपर बदलणंही साधारण त्याच मोजानं होतं. या खोलीत तुमचे सगळ्यात जास्त तास याच दोन कामांत जाणार आहेत.

बदलण्यासाठी वेगळं टेबल घेऊ नका. जमिनीवर जाड सतरंजी, त्यावर पुसता येणारी चटई, इतकंच पुरेसं आहे, आणि जमिनीवरून बाळ पडत नाही. कंबरेचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, प्रसूतीनंतर खाली बसणं-उठणं जड जात असेल, तर घरातलंच कमरेएवढं उंच, दणकट कपाट वापरा. मात्र बाळावरचा एक हात क्षणभरही काढायचा नाही. चार महिन्यांच्या आसपास बाळं पालथी पडायला लागतात, काही त्याआधीही, आणि पहिल्यांदा कधी पडणार हे आधी कळत नाही.

म्हणूनच दुसऱ्या हाताला सगळं सापडलं पाहिजे. घरातली एक टोपली घ्या आणि त्यात ज्या क्रमानं लागतं त्या क्रमानं ठेवा: कापूस किंवा ओले रुमाल, कोरडं मऊ फडकं, लंगोट, मलम, एक जादा झबलं. खराब कपड्यांसाठी झाकणाची बादली पायाशी. मग एकदा तालीम करा: उशीवर डावा हात ठेवायचा आणि उजव्या हातानं सगळं उरकायचं. आमच्या तालमीत मलमाच्या डबीचं झाकण एका हातानं उघडेना. दुसऱ्या दिवशी तेच मलम ट्यूबमधलं आणलं. रात्री अडीचला बाळ ओलं होऊन रडत असताना ही एवढीशी गोष्ट किती मोठी होते, हे त्या घरातल्या माणसालाच कळतं.

पाजण्यासाठी झुलणारी खास खुर्ची नसली तरी चालते. हात टेकवता येतील अशी, सरळ पाठीची घरातली खुर्ची घ्या. कमरेमागे उशी, पायाखाली छोटा पाट, हाताशी पाणी ठेवायला स्टूल. बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर डोळा लागणं फार धोक्याचं असतं. झोप अनावर होतेय असं वाटलं तर घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवा, लाजू नका.

उजेड मंद आणि पिवळसर हवा. 2700 केल्व्हिन लिहिलेला कमी वॉटचा बल्ब खुर्चीच्या मागे, खालच्या बाजूला लावा. बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळायला दोन-तीन महिने लागतात, रात्रीचं काम मंद उजेडात उरकलं की त्याला मदत होते. उजेड जास्त वाटला म्हणून दिव्यावर कापड टाकू नका, ते पेट घेऊ शकतं. दुपारी अंधार हवा असेल तर आहे त्या पडद्याला मागून जुनी जाड चादर शिवून टाका. पडद्याला किंवा ब्लाइंड्सला लोंबणारी दोरी असेल तर ती काढून टाका किंवा मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंच बांधा. मुलाच्या गळ्याला फास बसायला तेवढी दोरी पुरते.

पाचवी पायरी: जुनं काय चालेल, नवं काय हवं

कपाट, खुर्ची, टोपल्या, पुस्तकांच्या फळ्या, झबली, दुपटी: हे सगळं वापरलेलं बेलाशक घ्या. लहानग्यांचे कपडे फाटायच्या आधीच तोकडे होतात. एकदा धुऊन काढले की झालं.

गादी मात्र नवी घ्या, आणि तिच्यावर पैसे खर्च करा. ती सपाट आणि घट्ट हवी. हातानं दाबून सोडली की लगेच सरळ झाली पाहिजे, हाताचा ठसा राहता कामा नये. जुन्या गादीत मधोमध खळगा पडलेला असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पलंग वापरलेला मिळाला तर मोजपट्टी घेऊन जा. दोन गजांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, त्यातून बाळाचं अंग निसटून डोकं अडकतं. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. कोपऱ्यांचे खांब वर आलेले नकोत, त्यांत कपडा अडकतो. एकही स्क्रू कमी नको, त्याजागी तारेनं किंवा दोरीनं बांधलेलं काही नको. पलंगाला धरून जोरात हलवा, करकरला तर सोडून द्या. दहा वर्षांपेक्षा जुना असेल तरीही सोडून द्या.

आणि एक बाजू खाली-वर सरकणारा पलंग घेऊ नका. ती बाजू निखळून फट पडते आणि बाळ त्यात अडकतं. अशा अपघातांत बाळं गेल्यावर अमेरिकेत जून 2011पासून असे पलंग विकण्यावर बंदी आली. आमच्या मामींनी त्यांच्या मुलांचा असाच पलंग मोठ्या मायेनं जपून ठेवला होता, सागवानी, हातानं पॉलिश केलेला. मामींना नाही म्हणताना जीव कसानुसा झाला. मी मोजपट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी सरकती बाजू स्वतः हलवून पाहिली, खालचा खटका निसटला, आणि त्याच म्हणाल्या, "नको गं बाई." त्या पलंगाच्या दोन्ही बाजू आता आमच्याकडे कपडे वाळत घालायला आहेत.

जे अजिबात घ्यायचं नाही त्यानंच पैसे सगळ्यात जास्त वाचतात. पलंगाच्या आतून लावायच्या मऊ पट्ट्या, उश्या, लोड, रजईचे संच, बाळाला एका कुशीवर अडकवून ठेवणाऱ्या गाद्या आणि झोपवण्यासाठीच्या उतरत्या खाटा घेऊ नका. मऊ पट्ट्या आणि 10 अंशांपेक्षा जास्त उताराच्या खाटा यांवर अमेरिकेनं 2022 साली कायद्यानंच बंदी घातली. बाळाच्या पलंगात एक घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसणारी चादर आणि पाठीवर झोपवलेलं बाळ, बस. दिसायला ते ओकंबोकं वाटेल, पाहुणे तसं म्हणतीलही. तरी तसंच ठेवा.

सहावी पायरी: सगळं भिंतीला ठोका

हे काम बाळ रांगायच्या कितीतरी आधी उरकून टाका, कारण नंतर वेळ मिळत नाही. कपाट, ड्रॉवरचा खण, पुस्तकांची मांडणी, जे जे उभं आहे ते ते मागून भिंतीला पक्कं करायचं. दोन एल-पट्ट्या, भिंतीत ड्रिलनं भोक, त्यात प्लग, त्यात स्क्रू. खर्च किरकोळ. मुलं ड्रॉवर उघडून त्यांचा जिना करतात आणि कपाट अंगावर येतं. ठोकून झाल्यावर वरचे ड्रॉवर उघडून त्यांवर हातानं खाली जोर द्या. कपाट जागचं हललं तर स्क्रू लहान पडलाय किंवा भिंत पोकळ आहे. पोकळ भिंतीला वेगळे प्लग मिळतात. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. घर सोडताना भोकं बुजवून देतो म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात.

जड वस्तू खालच्या कप्प्यांत ठेवा. खेळणी कपाटाच्या वर ठेवू नका, मुलं त्यांच्यासाठीच चढतात.

सातवी पायरी: सहा महिन्यांनी मुक्काम हलवताना

आता पलंग घ्या. खिडकीपाशी लावू नका, पडद्यापाशीही नको. पलंगावर फळी, घड्याळ, तसबीर काही नको. बाळावर नजर ठेवायच्या मॉनिटरची किंवा दिव्याची वायर पलंगापासून निदान एक मीटर लांब. वर टांगलेलं खेळणं बाळ हात-गुडघ्यांवर उठायला लागलं की काढून टाका, साधारण पाचव्या महिन्यात. म्हणजे नव्या पलंगावर ते टांगायची गरजच उरत नाही. बाळ बसायला लागलंय, तर गादीची पातळी पहिल्या दिवसापासूनच खाली ठेवा. एकसुरी आवाजाचं यंत्र लावत असाल तर पलंगापासून दोन मीटर लांब आणि आवाज अगदी हळू.

पहिला आठवडा फक्त दुपारची झोप तिथं होऊ द्या. खुर्ची, टोपली, दिवा हे बाळाच्या ओळखीचं आहेच. नवीन असतो तो फक्त पलंग.

आठवी पायरी: रांगून पाहा

एक दिवस खोलीत तुम्ही स्वतः हात-गुडघ्यांवर उतरा आणि दारापासून भिंतीच्या कडेनं पूर्ण फेरी मारा. उभ्यानं न दिसणारं खूप काही दिसेल: सुटलेली वायर, कपाटाखाली पडलेला स्क्रू, टेबलाचा टोकदार कोपरा, झाकण नसलेलं सॉकेट. रिमोटमधल्या आणि खेळण्यांतल्या गोल चपट्या बॅटऱ्या खास शोधा. गिळल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतात, त्यामुळे त्यांचं झाकण स्क्रूनं बंद होणारंच असावं. खिडकीला जाळी नसेल तर गज लावून घ्या आणि खिडकीखालून चढता येईल असं काहीही हलवा.

मी अशी फेरी मारली तेव्हा माझ्याच हातून पडलेला प्लग सापडला, एल-पट्टी ठोकताना निसटलेला, पडद्याच्या मागे. मूल उभं राहायला लागलं की पुन्हा एक फेरी घ्या, या वेळी गुडघ्यांवर उभं राहून. तेव्हा हात ड्रॉवरच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो, आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा ग्लासही.